जोडवी रुततात तेव्हा

"पाय हलू देऊ नका," मुरलीधर सोनार म्हणाला, आणि मी सारिकाचा पाय मांडीवर घट्ट धरला.

पाय कसला, भिजलेली उशी. बोट टेकलं तिथं खड्डा पडत होता, आणि पडला की भरून येत नव्हता. जोडवी मांसात इतकी बुडाली होती की चांदी दिसत नव्हती, नुसती काळी रेघ दिसत होती. त्या रेघेच्या पुढची बोटं निळी पडायला लागली होती, म्हणून डॉक्टरीणबाईंनी सोनाराला बोलवायला सांगितलं होतं. सारिकाला शुद्ध नव्हती. वाडीपासून कऱ्हाडपर्यंत जीपमध्ये तिला तीनदा झटके आले होते. पहाटे पोट उघडून मूल काढलं. मुलगी होती. रडली नाही.

तानूबाई, म्हणजे सारिकाची सासू, खाटेच्या पायथ्याशी उकिडवी बसली होती. मुरलीधरनं पक्कड उघडली तशी तिनं हात आडवा घातला.

"माझा लेक जिता हाय," ती म्हणाली. "जोडवं तोडायचं न्हाई."

मी म्हणाले, "काकी, बोटं जातील तिची."

तिनं हात काढला, पण नजर काढली नाही. पकडीनं चांदी चावल्याचा आवाज आला. चार जोडवी, दोन-दोन जागी, आठ आवाज. प्रत्येक जोडव्याखाली पांढरंफटक वळं उमटलेलं होतं. मुरलीधरनं तुकडे कागदात गुंडाळून माझ्या हातात दिले आणि पैशाचं नावही न काढता निघून गेला.

मग तानूबाई बोलली. मोठ्यानं नाही. सुपात धान्य पाखडावं तशा लयीत बोलली.

"तूच म्हनलीस, पाय कोमट पाण्यात सोडून बस. म्या सोता पाणी तापवून दिलं. तूच म्हनलीस, आनंदात ऱ्हा. आता तूच आलीस जोडवी तोडाय. काय बाय हाईस गं तू, मंदे?"

ते खरं होतं. आणि मी सारिकाशी चार महिन्यांत एक शब्दही बोलले नव्हते, तेही खरं होतं.

*

कारवीची वाडी हे माझं माहेर. मी लग्न करून कऱ्हाडला आले, अंगणवाडीत लागले, आणि हळदीच्या गाण्यांसाठी, डोहाळजेवणाच्या ओव्यांसाठी लोक मला बोलावू लागले. असल्याच एका डोहाळजेवणात पुण्याच्या कंपनीची माणसं बसली होती. गरोदर बायकांसाठी ती फोनवरची मदत उभी करत होती: बाईनं नंबर लावायचा, आपल्या बोलीत काय होतंय ते सांगायचं, यंत्रानं ऐकून काय करायचं ते सांगायचं. त्यांना आवाज हवा होता. माझा घेतला. काचेच्या खोलीत अकरा दिवस बसून मी वाक्यं वाचली, आणि त्या वाक्यांचा चुरा करून त्यांनी त्यातून एक बाई घडवली. तिचं नाव ठेवलं आक्का. मी कधी उच्चारलीच नव्हती अशी वाक्यं ती माझ्या आवाजात बोलायची.

वाडीतल्या म्हाताऱ्यांना वाटायचं, मीच तिथं बसलेली असते. तानूबाईनं एकदा जत्रेत मला गाठून विचारलं होतं, "रातंध्याड बोलत बसतीस, मग जेवतीस कवा?" मी हसले होते. समजावून सांगितलं नव्हतं. खरं सांगायचं तर मला ते आवडलं होतं.

पण नुसत्या आवाजानं काय होतंय, यंत्राला बायकांचं बोलणं ऐकून कळायला हवं होतं. त्यासाठी पहिल्या वर्षी आम्ही सहा जणी डोंगर पालथे घालत हिंडलो. बायकांच्या चुलीशी, पाणवठ्यावर, बाळंतिणीच्या खाटेशी बसून त्यांचं बोलणं टिपलं. मी कंपनीच्या माणसांना आधीच सांगून ठेवलं होतं, आमच्याकडची पोटुशी बाई सरळ बोलणार नाही. अंग सुजलं असं तोंडानं म्हणायचं नाही, दृष्ट लागते. मग ती दागिन्याचं नाव सांगते. बांगडी चढेना झाली म्हणते. जोडवी रुतत्यात म्हणते. डोळ्यांपुढं अंधारी येते असंही म्हणत नाही, दिव्याला खळं पडलंय म्हणते, चंद्राभोवती पडतं तसं. आमच्या ओवीतही हेच आहे, मी त्यांना म्हणून दाखवली होती:

जोडवं रुतलं गं, बोटाला झालं वळं
सांगा माझ्या बयेला, दिव्याला पडलं खळं

कंपनीतला कौस्तुभ नावाचा पोरगेला साहेब तेव्हा ती ओवी वहीत उतरून घेताना म्हणाला होता की ताई, यात तर रक्तदाब वाढल्याची दोन लक्षणं आहेत. बायकोची ओळख करून द्यावी तशा अभिमानानं त्यानं ती डॉक्टरांना दाखवली. तसली बारा हजार बोलणी जमली. शिव्यांसकट, खोकल्यांसकट, मधेच म्हशीला हाकलण्यासकट. यंत्र त्यावर शिकलं.

आणि चांगलं शिकलं. सारिकाला पहिल्या खेपेला सातवा लागला होता तेव्हा तिनं आक्काला फोन लावून एवढंच सांगितलं, जोडवी रुतत्यात. आक्कानं विचारलं, किती दिवस झाले, डोकं ठणकतं का, दिव्याला खळं दिसतं का. मग म्हणाली, सारिका, आत्ताच्या आत्ता केंद्रात जा, उद्यावर टाकू नको. ती गेली. गोळ्या सुरू झाल्या, मुलगा नीट झाला. त्याचं बारसं केलं तेव्हा तानूबाईनं मला चोळीचा खण दिला आणि म्हणाली, तुझ्या तोंडात साखर पडली. मी घेतला तो खण.

म्हणून यंदा, दुसऱ्या खेपेला, जोडवी रुतायला लागल्यावर त्या घरात कुणी नर्सबाईकडं गेलं नाही. कशाला जातील? आक्काला माहीत होतं की. आक्कानं एकदा वाचवलं होतं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मी पुण्याला गेले. पर्समध्ये जोडव्यांची पुडी होती.

कौस्तुभ आता मोठा साहेब झाला होता, पण उठून उभा राहिला, मंदाताई म्हणाला, चहा मागवला. मी म्हटलं चहा नको, कारवीच्या वाडीतून सारिका झोरे हिचा सोमवारचा फोन मला ऐकवा. तो जरा घुटमळला, मग त्यानं तो शोधला.

आधी सारिकाचा आवाज आला. मागं कोंबडं ओरडत होतं.

"आक्का, जोडवी रुतत्यात. तीन दिस झालं. काल काजळ घालताना दिव्याला खळं पडलेलं दिसलं."

मग मी बोलले. म्हणजे माझा आवाज बोलला.

"गरोदरपणात पाय जड वाटणं स्वाभाविक आहे. कोमट पाण्यात पाय सोडून बसा. सैल दागिने वापरा. दिवा स्वच्छ पुसून ठेवा आणि पुरेशा प्रकाशात काम करा."

कोंबडं पुन्हा ओरडलं.

"आक्का, मागच्या बारीला तू लगीच जा म्हनलीवतीस."

"काळजी करू नका. पुरेशी विश्रांती घ्या. आनंदी राहा."

"बरं," सारिका म्हणाली.

ते बरं मला अजून ऐकू येतं. मोठ्या माणसाचं ऐकणाऱ्या पोरीचं बरं.

मी कौस्तुभला विचारलं की आक्काला हे माहीत होतं, मग ही विसरली कशी? माणूस विसरतो, वय होतं. हिला काय झालं? त्यानं समजावून सांगितलं, आणि सांगताना माझ्याकडं नाही, टेबलाकडं बघत होता. आत्ताची आक्का ती पहिली आक्का नव्हेच. ही तिसरी. बारा हजार बोलणी पुढच्या यंत्राला कमी पडत होती, एक लाख हवी होती. डोंगरात हिंडून एक लाख कोण आणणार? मग त्यांनी पहिल्या आक्कालाच सांगितलं, तू बायकांची सोंगं घे. फोन करणारी बाईही तूच हो आणि उत्तरही तूच दे. तसली हजारो बोलणी करून घेऊन त्यावर दुसरी आक्का शिकवली. मग दुसरीच्या बोलण्यांवर तिसरी.

"पहिलीची बारा हजार तिसरीला दिली नाहीत?"

"लाखापुढं बारा हजारांनी काय होतंय, ताई. शिवाय ती फार अस्वच्छ होती. खोकले, म्हशी..."

"जोडवी शोधा," मी म्हणाले.

त्यानं शब्द टाकला. पहिल्या वर्षाच्या बोलण्यांत जोडवी त्रेसष्ट वेळा होती. दुसऱ्या आक्कासाठी केलेल्या बोलण्यांत नऊ वेळा. तिसरीसाठीच्या एक लाखात पडद्यावर आकडा आला, शून्य. मी म्हटलं खळं शोधा. शून्य. बांगडी चढत नाही, शून्य. मग मी म्हटलं, कंबर दुखते शोधा. अठरा हजार.

यंत्र बायकांची सोंगं घेताना नेहमीच्या बाईचं सोंग घेतं, असं तो म्हणाला. शंभरातल्या नव्वद बायकांना जे होतं ते तिच्या तोंडी येतं. उरलेल्या दहांतल्या पुढच्या वेळी पाच राहतात, त्याच्या पुढच्या वेळी एक, मग तीही नाही. त्यानं हे हातानं दाखवलं, ओंजळ मिटत आणल्यासारखं.

मला त्याची ओंजळ हिसका देऊन उघडावीशी वाटली. काल पहाटे ज्या पोरीला कापडात गुंडाळून दिलं होतं तिची आई त्या उरलेल्या दहांतली होती.

मी आवाज चढवला. म्हणाले की तुम्हाला कळलं कसं नाही, कुणी बघत नव्हतं का, एवढी लाख बोलणी कुणाच्या डोळ्यांखालून गेली होती का नव्हती? पलीकडच्या टेबलावरची मुलं मान खाली घालून बसली. कौस्तुभ मात्र शांत झाला, आणि त्या शांतपणाचीच मला भीती वाटली.

"गेली होती," तो म्हणाला. "तुमच्या."

त्यानं पडद्यावर ती यादी उघडली. मला पाहताक्षणी ओळखू आली. आदल्या दोन वर्षांत कऱ्हाडच्या घरी बसून, रोज दोनशे याप्रमाणे, मी ती बोलणी तपासली होती. समोर बाईचं वाक्य, खाली आक्काचं उत्तर, शेजारी चौकोन. बरोबर असेल तर खूण करायची. मला त्यांनी सांगितलं नव्हतं की त्या बायका खऱ्या नाहीत. मी विचारलंही नव्हतं. खाली खाली सरकत गेलेल्या त्या पानांवर माझ्या खुणाच खुणा होत्या, पेरलेल्या वाफ्यासारख्या.

"यातलं एक चुकीचं वाक्य दाखवा, मंदाताई. एक दाखवा, मी आत्ता लाइन बंद करतो."

मी वाचायला लागले. नमस्कार आक्का, मला सकाळी मळमळ होते. नमस्कार आक्का, मला थकवा जाणवतो. नमस्कार आक्का, माझी कंबर दुखते, कृपया मार्गदर्शन करा. उत्तरं बरोबर होती. सगळी बरोबर होती. मी पान उलटत गेले, आणि चूक सापडेना. चूक कुठल्याच ओळीत नव्हती. जे नव्हतं त्याला खूण कुठं करणार?

आणि तेव्हा मला आठवलं की तपासताना एका दुपारी माझ्या मनात आलं होतं, या बायकांना सासवा कशा नाहीत? एकीलाही नाही. एकीचंही पोर मधे रडत नाही, एकीलाही फोन ठेवायची घाई नाही, एकही आक्काला शिवी देत नाही. मनात आलं होतं, आणि मी पुढची खूण केली होती. वाक्यं स्वच्छ होती. मला बरं वाटत होतं, की आपल्या बायका किती छान बोलायला लागल्या.

मी पुडी सोडली. चांदीचे वाकडे आठ तुकडे त्याच्या टेबलावर पसरले. त्यानं विचारलं नाही हे काय आहे म्हणून. ओळखलं असणार.

त्याचा चेहरा उतरला, हे मी नाकारणार नाही. तो म्हणाला, हे आजच दुरुस्त करतो. माझ्यादेखतच त्यानं खुर्ची ओढली आणि यंत्राला लिहून आज्ञा केली की जोडवी रुतल्याची तक्रार करणाऱ्या दोन हजार बायकांची बोलणी तयार कर. मी बघतच राहिले. पाणी पिऊन होईपर्यंत त्या बायका आल्या.

नमस्कार आक्का, माझी जोडवी घट्ट झाली आहेत, कृपया मार्गदर्शन करा.

नमस्कार आक्का, माझी जोडवी थोडी घट्ट वाटतात, कृपया मार्गदर्शन करा.

नमस्कार आक्का, गरोदरपणामुळे माझी जोडवी घट्ट झाली आहेत, मी काय करावे?

"या दोन हजार झाल्या," कौस्तुभ म्हणाला. "उद्यापर्यंत शिकवून होईल. तुम्ही तेवढ्या एकदा नजरेखालून घातल्यात तर..."

मी पडद्यावरच्या पहिल्या बाईवर बोट ठेवलं.

"हिची सासू कुठाय?"

त्याला कळलं नाही.

"ही भ्यालीय का नाही? हिच्या मागं कोंबडं का ओरडत नाही? हिला कुणी सांगितलं जोडवी घट्ट झाली म्हणून दवाखान्याला विचारायचं असतं? ज्या यंत्राला जोडवं म्हणजे काय हे काल माहीत नव्हतं, त्याच्या पोटातून तुम्ही आज दोन हजार बायका काढल्या. त्यांना पाय तरी आहेत का, कौस्तुभ?"

तो म्हणाला की मग काय करू सांगा. मी म्हणाले, बारा हजार आहेत तेवढ्यांवरची पहिली आक्का परत लावा, आणि पुढचं हवं असेल तर पायात चपला घाला आणि डोंगर चढा. तो म्हणाला, ते त्याच्या हातात नाही, पहिली फक्त एका तालुक्यापुरती होती, आता चार जिल्हे आहेत. मग मी म्हणाले, निदान माझा आवाज काढा. माझ्या तोंडानं कुणाला घरी बसवू नका.

त्यावर त्यानं कागद आणून दाखवला. माझी सही होती. आवाज दहा वर्षांसाठी दिलेला होता.

"आणि ताई," तो अगदी हळू म्हणाला, "तुमच्या आवाजावर बायकांचा विश्वास आहे. तो काढला तर त्या फोनच करायच्या नाहीत."

मी पडद्यावरच्या त्या दोन हजारांपैकी एकीलाही खूण केली नाही. तुकडे गोळा केले. एक खुर्चीखाली गेला होता, तो कौस्तुभनं वाकून काढून दिला. जिन्यावर आल्यावर मला इतका संताप आला की भिंतीवर डोकं आपटावं असं वाटलं. पण भिंत काचेची होती, आणि तीत मीच दिसत होते.

*

तिसऱ्या दिवशी दुपारी मी दवाखान्यात परत आले. सारिका शुद्धीवर आली होती. डॉक्टरीणबाईंनी दारातच गाठून सांगितलं की जिवाचा धोका टळला आहे, पण तिला अजून दिसत नाही. झटक्यांनी असं होतं. दोन-चार दिवसांत नजर येईल, घाबरू नका. मुलीचं तिला सांगितलं आहे.

उन्हाचा पट्टा तिच्या चादरीवर पडला होता. डोळे उघडे होते, पण ते कशावर टेकत नव्हते. तानूबाई उशाशी बसून तिच्या केसांतला गुंता बोटांनी सोडवत होती. मला बघून ती थोडी सरकली. ती जागा मला होती की नाही ते कळेना, तरी मी बसले.

एसटीत मी सगळं ठरवून आले होते. सांगायचं, की ती मी नव्हते. माझ्या आवाजाचा चुरा करून केलेली कुणी दुसरीच होती. आणि हेही सांगायचं, की त्या आक्काला विसरू देणारी मात्र मीच होते, चौकोनात खुणा करणारी. दोन्ही सांगायचं, एकही लपवायचं नाही. मग ती जे म्हणेल ते ऐकून घ्यायचं.

मी तिच्या अंगावरून हात फिरवायच्या आधी बोलले. ती चूक.

"सारिका," मी म्हणाले. "कसं वाटतंय, बाळा?"

तिचं सगळं अंग ताठ झालं. हात चादरीवरून चाचपत सासूकडं गेला, आणि सासूचं मनगट सापडल्यावर तिनं ते घट्ट धरलं.

"आत्याबाई," ती कुजबुजली, "फोन कुणी लावलाय? बंद करा की तो."

तानूबाईनं माझ्याकडं पाहिलं. मी तोंड उघडलं, आणि कळलं की मी आता काहीही बोलले तरी ते त्या फोनमधूनच येणार आहे. माफी मागितली तरी. ओवी म्हटली तरी.

सारिकाचा श्वास जोरजोरात चालला होता. तानूबाई तिच्या चेहऱ्यावर वाकली.

"केला," ती म्हणाली. "केला बग बंद."

मग तिनं डोळ्यांनीच मला पायथ्याकडं बस म्हणून खुणावलं. मी उठले, आवाज न करता गेले, आणि सारिकाचे पाय मांडीवर घेतले. सूज उतरायला लागली होती. बोटांवरची ती चार पांढरी वळी तशीच होती. मी त्यांच्यावरून अंगठा फिरवत राहिले.

"ह्ये कोन हाय?" सारिकानं विचारलं. पाय तिनं काढून घेतला नव्हता.

"हाय एक बाय," तानूबाई म्हणाली. "वाडीतलीच हाय. बोलत न्हाई ती."